तेवीस नंबरचा पाय

"डोळे मिटा, अण्णा."

"पट्टी बांधलीय की, बाई. आता डोळे उघडे काय अन् मिटलेले काय, सारखंच."

"पट्टी तुम्हीच शिवलीय. फट कुठं ठेवायची ते शिवणाऱ्याला बरोबर माहीत असतं."

अण्णा हेंद्रे पट्टीखालून हसले. ते टेबलावर उताणे पडले होते, पाय माझ्याकडे करून. मी त्यांचा डावा पाय डाव्या हातात धरला आणि उजव्या हातातल्या कांडीच्या टोकाला बसवलेला नायलॉनचा ताठ दोरा अंगठ्याच्या तळाशी टेकवून तो वाकेपर्यंत दाबला.

"हो."

मी दोऱ्याची कांडी खाली ठेवली, कागदावर खूण केली, पेन स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं, पुन्हा कांडी उचलली, दुसरी जागा.

"हो."

तिसरी. चौथी. चवड्याखाली घट्टा होता आणि त्यात बाजरीएवढा काळा ठिपका. अण्णा शिंपी, पायडलच्या मशीनवर अनवाणी बसणारे. मशीनचं तेल असेल म्हणून मी तो अंगठ्यानं पुसला. गेला नाही. पाचव्या जागेवर दोरा टेकवला.

"हो."

डाव्या पायाचे दहापैकी दहा, उजव्याचेही दहापैकी दहा.

"शाब्बास!" मी म्हणाले. "उठा आता, सुटलात."

"इतक्यात?" अण्णा म्हणाले. ते दर वेळी हेच म्हणायचे.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, मिरजेतली. मी डॉक्टर शरयू भाटवडेकर, तेव्हा एकोणचाळीस वर्षांची, पेशंट बरे करायचे सोडून मधुमेहावर संशोधन करणारी. साखर बरीच वर्षं अंगात मुरली की पायाच्या नसा मरायला लागतात. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो, मग खडा रुतला, चटका बसला, काच घुसली तरी माणसाला पत्ता लागत नाही. पण सगळ्यांचं असं होत नाही. काहींचे पाय वीस वर्षं साखर असूनही शाबूत राहतात. कुणाचे राहतात आणि का, हे मला शोधायचं होतं. दोनशे बारा माणसं, चार वर्षं, महिन्यातून एकदा प्रत्येकाचा पाय हातात घ्यायचा, दहा ठिकाणी दोरा टेकवायचा आणि कळलं की त्यांनी "हो" म्हणायचं. काम एवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो.

ज्याच्या तीन जागा गेल्या, त्याचं नाव माझ्या यादीतून निघायचं. तो सोमवारच्या ओपीडीत जायचा. तिथं त्याला मऊ तळाची चप्पल मिळायची, रोज आरशात तळवा बघायला शिकवायचे, दर आठवड्याला तपासायचे. पाय वाचवायची तीच वाट होती.

अण्णा माझे तेवीस नंबर. अठरा वर्षांची साखर, वय एकसष्ट, आणि चार वर्षांत एकही जागा गेली नव्हती. पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांसमोर मी तेवीस नंबरचा आलेख मांडला की सर चष्मा वर करून बघायचे. "हा माणूस सोडू नकोस," म्हणायचे. मी कशाला सोडते! त्या पायावर माझं अर्धं संशोधन उभं होतं.

आणि खरं सांगायचं तर नुसतं संशोधन नव्हतं. मी तोंडाची फटकळ. मेडिकल कॉलेजातले लोक मला वचकून असायचे, म्हणजे लांब असायचे. आई गेल्यावर मिरजेत माझं असं कुणी उरलं नव्हतं. क्वार्टरची एक खोली, दोन्ही वेळचा डबा, रविवारी धुणं. दिवसाला दहाबारा माणसांचे पाय हातात घ्यायचे आणि "हो" सोडून दुसरा शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचा नाही. अण्णा तेवढे बोलायचे. दोरा बघून म्हणायचे, "कितीचा नंबर हा? माशाच्या गळाला लावतात तसला दिसतोय." लोक पापण्यांच्या फटीतून बघतात अशी मी कुरकुर केली, तर पुढच्या महिन्यात सुती कापडाच्या वीस पट्ट्या शिवून घेऊन आले. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांची पाळी असायची. त्या दिवशी मी जरा बरी साडी नेसायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अण्णा गेल्यावर रूथ सिस्टर कागद लावता लावता म्हणाल्या, "बाई, बोलू का एक?"

रूथ सातपुते, माझ्या मदतनीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या.

"बोला."

"तुमचा ठेका बसलाय. पेन वाजलं की दोरा, पेन वाजलं की दोरा. मधे थांबायचं असतं ना? कधी लावायचंच नाही, नुसतं गप्प बसायचं, असं तुम्हीच शिकवलं होतं मला."

"सिस्टर, चार वर्षं करतेय मी हे."

"म्हणूनच म्हटलं."

"माझं मला बघू दे. तुम्ही पुढचा पेशंट आत घ्या."

त्यांनी घेतला. माझ्या नाकावरचा राग त्यांच्या ओळखीचा होता.

तो नियम मीच लिहिला होता. दोन स्पर्शांमधलं अंतर कमीजास्त ठेवायचं, अधूनमधून स्पर्श न करता वाट बघायची, म्हणजे माणूस अंदाजानं बोलणार नाही. पहिलं वर्षभर मी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. मग माणसं ओळखीची झाली, हात सरावला, आणि नियम कागदावर राहिला.

नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी, अण्णा आले. पाळी नव्हती. दाराशी उभे राहून म्हणाले, "बाई, जरा पाय बघता का? पायडलला काय तरी लागलंय. एका बाईच्या पोलक्यालाही डाग पडला. आधी वाटलं हळदकुंकवाचा हात लागला असेल, पण वास येतोय."

ते लंगडत नव्हते. चांगले ताठ चालत आत आले, खुर्चीवर बसले. डाव्या चपलेतून पाय काढला आणि खोलीभर घाण सुटली. चवडा सुजून टम्म झाला होता, घट्टा फुटला होता, आतून पू येत होता.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही की."

"अण्णा, कधीपासून आहे हे?"

"आज बघितलं."

एक्स-रे काढला. ओली फिल्म रूथ सिस्टरांनी उजेडाकडे धरली. चवड्याच्या हाडांमध्ये एक बारीक पांढरी रेघ होती, सरळ. सुई. मशीनची, अर्धी मोडलेली.

अण्णांनी फिल्म बघितली. "ही तर चौदा नंबरची," ते म्हणाले. "जाड कापडावर मोडली होती. टोकाचा तुकडा सापडलाच नाही. मी म्हटलं, गेला असेल केरात."

"कधी मोडली?"

"झाले तीन आठवडे."

तीन आठवडे. मी गुरुवार मोजला. नऊ दिवसांपूर्वी हा पाय माझ्या हातात होता. सुई तेव्हा आत होती. मी त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला होता, त्याच्या शेजारी दोरा टेकवला होता, आणि ज्या माणसाला आत घुसलेली सुई कळत नव्हती तो केसाएवढ्या दोऱ्याला "हो" म्हणाला होता.

अण्णांना भरती केलं. सर्जननी दुपारी सुई काढली, जखम साफ केली. सोमवारी बोटं काळी पडली.

मंगळवारी सकाळी मी वॉर्डात गेले. हातात ट्रे, ट्रेमध्ये कांडी, पेन आणि त्यांचीच एक पट्टी. अण्णा खिडकीकडे तोंड करून पडले होते.

"उजवा पाय तपासायचाय, अण्णा."

"आज गुरुवार नाही."

"नसू दे."

पट्टी त्यांनी स्वतःच बांधली. मी ट्रे चादरीवर ठेवला, आवाज न करता. पेनाला हातच लावला नाही. उजव्या अंगठ्याखाली दोरा टेकवला आणि दाबला.

अण्णा गप्प.

दुसरी जागा. गप्प. चवडा, टाच, कड. दोरा वाकत होता, सुटत होता, पुन्हा वाकत होता, आणि अण्णा श्वास रोखून वाट बघत होते. त्यांचा चेहरा अगदी मन लावून ऐकणाऱ्याचा होता. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, लांब कुठंतरी भांडी पडत होती. दहाच्या दहा जागा झाल्या.

मग मी दोरा बाजूला ठेवला. दोन्ही हात मागे घेतले. पेन उचललं आणि ट्रेमध्ये टाकलं. टण्ण.

"हो," अण्णा म्हणाले.

मला रडूच आलं. मी पुन्हा पेन टाकलं.

"हो."

"अण्णा, मी हात लावलेला नाही."

बऱ्याच वेळानं त्यांनी पट्टी कपाळावर सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोरी पकडलीत म्हणायची."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. आधी डावा गेला, मग हा."

"दीड वर्ष! अहो, खेळ वाटला का तुम्हाला? पाय बधिर झालाय हे सांगायचं असतं! त्यासाठीच तर बोलवत होते मी! सोमवारच्या ओपीडीत चप्पल मिळाली असती, रोज तळवा बघायला शिकवलं असतं, सुई तिसऱ्या दिवशी निघाली असती!" मी ओरडत होते. शेजारच्या कॉटवरचा माणूस उठून बसला.

"माहीत आहे की."

"मग?"

"सोमवारी तुम्ही नसता."

अण्णा चादरीची शिवण बोटानं चाचपत होते. "बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. पोरगी सुरतेला. गिऱ्हाइकं येतात, माप देतात, जातात. माप मी घेतो लोकांचं, बाई. मला कोण हात लावतंय? तुम्ही महिन्यातून एकदा पाय हातात घेऊन विचारायचा, कळतंय का म्हणून. दहा झाले की शाब्बास म्हणायचा. म्हातारपणी शाब्बास कोण म्हणतं? पहिल्यांदा एक जागा कळली नाही तेव्हा अंदाजानं हो म्हणालो. तुमचं पेन वाजायचं, अन् मग मनात एक-दोन म्हटलं की दोरा यायचा. पायडल मारणाऱ्याला ठेका शिकवावा लागतो होय?"

"मला कळायला हवं होतं," मी म्हणाले.

"मला तर भीतीच होती की तुम्हाला कळणार. खरं हो अन् खोटं हो वेगळं येतं ना. पाय कळत होते तेव्हा आधी दोरा लागायचा, मग मी विचार करायचो, लागला का खरंच, अन् मग तोंडातून हो यायचं. वेळ जायचा. खोटं म्हणायला लागलो तर वेळच लागेना. बोलायला सोपंच. खरं हो उशिरा येतं, बाई. मी म्हणायचो, आज पकडणार, आज पकडणार." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तुम्ही शाब्बास म्हणायचा."

बुधवारी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. मी ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसले होते. फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी कुणाची तरी सही हवी होती, मुलगी सुरतेहून निघालेली, अजून गाडीत होती. रूथ सिस्टरांनी सही केली. माझा हात पुढं झाला नाही.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं. तेवीस नंबर वगळ. बाकीचे दोनशे अकरा पुरेसे आहेत, जूनमध्ये छापायला देऊ."

"सर, ठेका माझा होता. तो एकट्या तेवीस नंबरसाठी नव्हता."

"तुला कळतंय का काय म्हणतेस? चार वर्षं पाण्यात जातील."

कळत होतं. मी सगळे पुन्हा बोलावले. या वेळी दोरा रूथ सिस्टरांनी धरला आणि मी कोपऱ्यात बसून नुसत्या खुणा केल्या. पेनाऐवजी पेन्सिल, ट्रेखाली टॉवेल. दोनशे अकरांपैकी एकोणतीस जणांचे पाय केव्हाच बधिर झाले होते. कुणी घाबरून हो म्हणत होतं, कुणी माझ्या रागाला भिऊन, कुणाला वाटायचं की नाही म्हटलं तर डॉक्टर पाय कापतील. एकोणतीस जण सोमवारच्या ओपीडीत गेले. त्यांना चपला मिळाल्या. रूथ सिस्टर मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अण्णा मुलीकडे सुरतेला गेले, आणि दोन महिन्यांत परत आले, असं कानावर आलं. मी गेले नाही. त्यांच्या बोळाच्या तोंडापर्यंत दोनदा गेले आणि मागे फिरले. दुसरा गुरुवार आला की मी त्या दिवशी मुद्दाम जास्त नावं लावायची.

निबंध छापून यायला दोन वर्षं लागली. जाडजूड इंग्रजी मासिक, त्यात आमची आठ पानं. पोस्टानं माझी प्रत आली. ती कुणाला दाखवावी असा प्रश्न पडला तेव्हा कळलं, की दाखवायला एकच माणूस आहे. मी उठले आणि मार्केटच्या मागच्या बोळात गेले.

दुकान होतं तिथंच होतं. अण्णा मशीनवर बसले होते. मशीनला आता मोटर लावलेली, पायडल काढून भिंतीशी ठेवलेलं. शेजारी कुबडी. उजव्या पायात सोमवारच्या ओपीडीतली मऊ तळाची चप्पल, आणि टेबलाखाली एक हातआरसा.

"या, बाई," ते म्हणाले, जणू मी गेल्याच महिन्यात येऊन गेले होते. "वाट बघायची सोडली होती."

"यायला हवं होतं मी."

"हवं होतं की." ते फटकळपणे म्हणाले, आणि स्टुलावरचे कपडे उचलून मला जागा केली. "ते काय आणलंय?"

"छापून आलंय. आपलं काम."

त्यांनी हात धोतराला पुसले, मासिक दोन्ही हातांत घेतलं. पानं उलटली. आलेखांवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं.

"इंग्रजी आहे सगळं. मला कुठलं कळतंय. हे माझ्यासारख्यांच्याच पायांचं ना?"

"हो. किती जणांचे पाय कसे गेले, कसे राहिले, ते सगळं आहे."

"चार वर्षं आलो मी. एक गुरुवार चुकवला नाही. ताप होता तेव्हा पण आलो." ते मासिकावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "तेवीस नंबर आहे ना ह्यात?"

"हो," मी म्हणाले.

अण्णांचा हात थांबला. त्यांनी मासिक मिटलं, मशीनच्या फळीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"लवकर आलं, बाई," ते म्हणाले.

बोळातून एक सायकल गेली. अण्णांनी खडूचा तुकडा पत्र्याच्या डबीत टाकला, टण्ण आवाज झाला.

"डोळे मिटा," ते म्हणाले.

"अण्णा..."

"मिटा की. पट्टी देऊ का?"

मी डोळे मिटले. स्टुलावर हात मांडीवर घेऊन शाळेतल्या मुलीसारखी बसले. कुठून आवाज येतो का म्हणून कान देत राहिले, पण त्यांनी मोटर बंद केली होती आणि ते हलत नव्हते. मिटलेल्या डोळ्यांनी वाट बघणं किती जड असतं, ते मला तेव्हा कळलं. चार वर्षं मी लोकांना ते करायला लावत होते.

"सांगा आता," अण्णा म्हणाले. "घाई नाही. त्या पुस्तकात माझा पाय आहे का?"

मी थांबले. बराच वेळ थांबले.

"नाही, अण्णा. वगळावा लागला."

मग त्यांचा खरखरीत, सुईनं टोचून टोचून घट्टे पडलेला हात माझ्या हातावर आला.

"शाब्बास," अण्णा म्हणाले.